फिरती शेती आणि जमिनीची विश्रांती

वैशाखातली उन्हे उतरली म्हणजे आपण नागपूरकर व्याख्यानाला जमतो. नेमक्या त्याच दिवसांत पूर्वेकडे गडचिरोलीच्या जंगलात बाया, माणसे आणि पोरे पहाटेच्या अंधारात तेंदूची पाने तोडायला निघालेली असतात. दुपारपर्यंत तोडणी, मग घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणे, आणि संध्याकाळी ते फळीवर नेऊन मोजून देणे, असा त्यांचा दिवस जातो. विडी कामगारांत संघटनेचे काम करताना आम्ही या पानाचा माग काढीत जंगलापर्यंत गेलो. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी कशी ठरते हे आम्हांला ठाऊक होते. पान तोडणाऱ्याची कशी ठरते, हे पाहायचे होते. फळीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही विचारले, तुमची शेती कोठे? त्यांनी समोरच्या टेकडीकडे हात केला. टेकडीवर शेत कोठेच नव्हते, नुसती दाट झाडी होती. पण ती माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांच्या बापजाद्यांची शेती तेथेच होती, आणि ती झाडीच त्या शेतीची खूण होती.

शेत दिसत नाही, झाडी दिसते, आणि तरी ती शेतीच, हे कोडे शहरातल्या माणसाला सहज उलगडत नाही. आम्हांलाही उलगडले नव्हते. आदिवासी जंगल जाळतात, चार दाणे काढतात आणि जागा उजाड करून पुढे जातात, एवढेच आम्ही लहानपणापासून ऐकलेले. या पद्धतीला आपल्याकडे नावे अनेक आहेत. भामरागडच्या बाजूला माडिया गोंड तिला पेंडा म्हणतात. मंडला-दिंडोरीकडचे बैगा बेवर म्हणतात. सातपुड्यात दाह्या, तेलंगणाच्या सीमेवर पोडू, सह्याद्रीत कुमरी आणि दळी, ईशान्य भारतात झूम. इतकी नावे ज्या गोष्टीला आहेत ती काही चार उडाणटप्पूंची खोड असू शकत नाही, एवढे तरी कबूल केले पाहिजे.

ही शेती चालते कशी, ते प्रथम पाहू. पावसाळा संपून थंडी पडली, की गाव मिळून डोंगराचा एक उतार निवडते. कोणी किती तोडायचे हे माडियांत गावच्या गायत्याच्या सल्ल्याने ठरत असे. झाडे-झुडपे कुऱ्हाडीने तोडून जागेवरच पसरून ठेवायची; बुंधे आणि मुळ्या उपटायच्या नाहीत. उन्हाळाभर लाकूड वाळते. पावसाच्या तोंडावर ते पेटवून द्यायचे. राखेचा थर जमिनीवर बसतो आणि पहिल्या सरींबरोबर त्यात बी फेकतात. नांगर नाही, बैल नाही, बांध नाही. कोदो, कुटकी, कोसरी, नाचणी, मका, तूर, काकडी, भोपळा अशी पिके एकाच तुकड्यात एकमेकांच्या सावलीत वाढतात. एक गेले तर दुसरे हाती लागते. एक भाद्रपदात तर दुसरे पौषात येते. दोन-तीन वर्षे पीक घेतले, की तो तुकडा सोडून पुढच्या उताराला जायचे आणि दहा-बारा वर्षांनी परत यायचे.

यामागे अडाणीपणा नसून मोठा हिशेब आहे. उष्ण प्रदेशातल्या पुष्कळशा डोंगरी जमिनी मुळात कसदार नसतात. मुसळधार पाऊस त्यांतली अन्नद्रव्ये धुऊन नेतो. तेथला कस मातीपेक्षा झाडांत साठलेला असतो. झाड खोलवर मुळे घालून कस वर ओढते, पानांत आणि खोडांत साठवते. ते झाड जाळले, की पालाश, चुना आणि स्फुरद राखेवाटे पिकाला मिळते. मातीची आम्लता उतरते. तणाचे बी भाजून निघते. नत्राचा बराच भाग मात्र धुरावाटे उडून जातो, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षी पीक जोमाचे येते, दुसऱ्या वर्षी उतरते, तिसऱ्या वर्षी तण माजते. म्हणून जागा सोडायची. मागे ठेवलेल्या बुंध्यांना धुमारे फुटतात, बांबू वर येतो, पालापाचोळा पडतो आणि कस पुन्हा साठू लागतो. तात्पर्य, या शेतीत पिकाची दोन वर्षे आणि झाडीची बारा वर्षे मिळून एकच शेत होते. खत म्हणून शेतकरी जे वापरतो ते शेणही नव्हे आणि पोत्यातले रसायनही नव्हे. तो जमिनीची विश्रांती वापरतो.

आता ही विश्रांती काढून घेतली तर काय होईल, याचे साधे गणित मांडून पाहावे. समजा, एका गावाजवळ सात उतार आहेत आणि प्रत्येक उतारावर दोन वर्षे शेती होते. सातही फिरून पहिल्यावर परत यायला चौदा वर्षे लागतात, म्हणजे प्रत्येक उताराला बारा वर्षांचा विसावा मिळतो. उद्या त्यांपैकी चार उतार कोणी कुंपण घालून बंद केले. उरले तीन. फेरा सहा वर्षांचा झाला आणि विसावा चारच वर्षांचा. चार वर्षांत झुडपे वाढतात, झाडी वाढत नाही. राख थोडी पडते, तण जास्त येते. उघड्या उतारावरची माती पावसाबरोबर नाल्यात जाते. पीक घटले म्हणून माणूस अधिक जागा तोडतो, विसावा आणखी कमी होतो. मग एखादा साहेब घोड्यावरून येतो, तो उजाड उतार पाहतो आणि लिहून ठेवतो, की ही शेतीच विनाशकारी आहे. चार उतार कोणी बंद केले, ते त्या टिपणात येत नाही.

हे गणित काल्पनिक असले तरी त्याचा प्रत्यक्ष इतिहास आपल्याच शहराशी बांधलेला आहे. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोचली. एक मैल लोहमार्गाला सतराशे ते दोन हजार लाकडी स्लीपर लागत. तेव्हा साग आणि साल या झाडांना एकाएकी सोन्याची किंमत आली. १८६५ साली पहिला वन कायदा झाला, १८७८ साली दुसरा आणि अधिक कडक. जंगल राखीव, संरक्षित अशा वर्गांत वाटले गेले. कॅप्टन फोर्सिथ हा मध्य प्रांताच्या जंगलांची पाहणी करणारा अधिकारी. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे त्याचे पुस्तक १८७१ साली निघाले. दाह्याने मोलाचे लाकूड जळून जाते, ही तक्रार त्यात आहे. ती खोटी नव्हती; झाडे जळत होतीच. पण ज्या झाडांवर आता सरकारची किंमत लागली होती त्यांच्यावर आधी कोणाचे पोट होते, हा प्रश्न त्या हिशेबात दुय्यम ठरला.

या धोरणाचा सर्वांत मोठा घाव बैगांवर बसला. तेव्हा मंडला, बालाघाट हे जिल्हे नागपूरच्या कारभाराखालीच होते. बैगांची श्रद्धा अशी, की धरती ही आई आहे आणि नांगर म्हणजे तिची छाती फाडणे. सरकारने त्यांना सांगितले, की बेवर सोडा आणि नांगर धरा. पुष्कळांना जबरदस्तीने धरावा लागला. अखेरीस १८९० साली, आज जो दिंडोरी जिल्हा आहे त्या भागात, सुमारे २४ हजार एकरांचा एक तुकडा बैगांसाठी आखून दिला. त्याला बैगा चक म्हणतात. बेवर करायची तर या चकात, बाहेर नाही. डोंगरामागून डोंगर फिरणाऱ्या शेतीला चौकट घातली, म्हणजे तिचे फिरणेच काढून घेतले.

१८९० हे साल आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांना दुसऱ्या कारणाने पाठ आहे. त्याच वर्षी १० जूनला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती अनेक वर्षे झगडून मिळविली होती. मालकांचे म्हणणे पूर्वी असे, की यंत्र थांबले की नुकसान होते. लोखंड्यांचे म्हणणे असे, की माणूस थांबला नाही तर माणूसच संपतो. विश्रांती ही आळसाची निशाणी नसून कामाचाच भाग आहे, ही गोष्ट मुंबईत ज्या वर्षी कबूल झाली, त्याच वर्षी सातपुड्यात जमिनीची विश्रांती कुंपणात कोंडली गेली. या दोन घटनांचा एकमेकींशी कागदोपत्री काहीही संबंध नाही. पण आमच्यापुरता त्यांचा अर्थ एकच. थकलेल्या कामगाराला आळशी म्हणणे आणि थकलेल्या डोंगरावरच्या शेतकऱ्याला जंगलद्रोही म्हणणे, ही एकाच घरची भाषा आहे.

शेत गेले, तेव्हा शेतकऱ्याचे काय झाले? तो जंगलातच राहिला, पण मजूर म्हणून. वनखात्याला तोडणीला, रस्त्याला, आग विझवायला माणसे हवी होती. जंगलात वनग्रामे वसवली. राहायला आणि नांगरायला थोडी जागा द्यायची आणि त्या बदल्यात बोलावले की कामाला यायचे, असा तेथला रिवाज. पूर्वी जो डोंगराचा वाटेकरी होता त्याच्या हातात आता हजेरीचा कागद आला. शेजारच्या निजामी मुलखात, आदिलाबाद जिल्ह्यात, हाच ताण स्फोटापर्यंत गेला. तेथे गोंड आणि कोलाम यांना राखीव जंगलातून उठवले जात होते. कुमराम भीम यांनी जल, जंगल आणि जमीन यांच्या हक्कासाठी लढा उभारला आणि १९४० च्या ऑक्टोबरात जोडेघाटच्या डोंगरात ते पोलिसांच्या गोळीला बळी पडले. त्याच सुमारास मध्य प्रांत सरकारने ग्रिगसन या अधिकाऱ्याला आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला नेमले. त्याचा अहवाल १९४४ साली नागपुरातच छापला गेला. जमीन, कर्ज, वेठ आणि जंगल हे त्यातले विषय होत. बैगांच्या जीवनावर व्हेरिअर एल्विन यांचा मोठा ग्रंथ त्याआधी १९३९ साली निघाला होता. म्हणजे माहिती नव्हती असे म्हणायला नागपूरला जागा नाही.

आता भामरागडकडे वळू. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांच्या संगमावरचा हा मुलूख पूर्वी चांदा जिल्ह्यात होता. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडचा अबुझमाड आहे, आणि तेथे पेंडा आजही काही प्रमाणात टिकून आहे. अलीकडे मात्र तो बहुतांशी मागे पडला. माडियांनी सखल जागेत बांध घालून भाताच्या बांध्या केल्या, बैल घेतले, नांगर धरला. याला सरकारी बंदी हे एकच कारण नाही. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. दवाखाना आणि शाळा आली. पोरे शाळेत बसू लागली म्हणजे घरही एका जागी बसते. राशनचे तांदूळ आले, रस्ता आला, बाजार आला. बांधीतला भात एकरी अधिक पिकतो आणि कापणीनंतर विकताही येतो. या बदलाने पुष्कळांचे भले झाले, आणि ते नाकारणे म्हणजे दुसऱ्याच्या गरिबीचे आपण कौतुक करणे होय. तथापि काही गेलेही. पेंड्यात आठ-दहा पिके होती, बांधीत एक भात आहे. पाऊस चुकला तर पूर्वी काहीतरी हाती लागे, आता काहीच लागत नाही, आणि मग वर्षाचा रोख पैसा उन्हाळ्यातल्या पंधरा-वीस दिवसांच्या तेंदूवर येऊन ठेपतो. पहिल्या परिच्छेदातल्या फळीवर ती माणसे का बसली होती, त्याचे उत्तर येथे आहे.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. १९५७ साली जागतिक अन्न व शेती संघटनेने फिरती शेती हा उष्ण प्रदेशांच्या प्रगतीतला मोठा अडथळा असल्याचे जाहीर केले. गंमत अशी, की त्याच वर्षी त्याच संघटनेने हॅरल्ड कॉंक्लिन या अभ्यासकाचे फिलिपाइन्समधल्या हनुनो लोकांवरचे पुस्तक छापले. एका शेतात चाळीसपर्यंत पिके घेणाऱ्या, माती आणि झाडे बारकाईने ओळखणाऱ्या शेतकऱ्यांचे चित्र त्यात आहे. पुढे बोर्निओत आणि सुमात्रात रबर आणि ऑइल पामचे मळे पसरले. १९९७-९८ साली इंडोनेशियाची जंगले महिनोन् महिने धुमसली, तेव्हा दोष प्रथम डोंगरातल्या शेतकऱ्यांना दिला गेला. पण आगींचा मोठा वाटा मळ्यांसाठी जमीन साफ करणाऱ्यांचा होता. फिरता शेतकरी झाडी तोडतो आणि तिला परत येऊ देतो. मळेवाला तोडतो आणि परत येऊ देत नाही. हा फरक धुरात दिसत नाही. आपल्या ईशान्येतही हेच दिसून आले. मेघालयात प्राध्यापक रामकृष्णन यांनी वर्षानुवर्षे झूमचा अभ्यास केला. दहा वर्षांचा फेरा असेपर्यंत ही शेती बऱ्यापैकी तग धरते, तो पाच वर्षांवर आला की माती आणि उत्पन्न दोन्ही ढासळतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वर मांडलेले सात उतारांचे गणित तेथे मोजमापाने सिद्ध झाले.

मग कायदा आज काय म्हणतो? २००६ साली वनहक्क कायदा झाला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली त्याच्या प्रस्तावनेतच आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन कसली जाते तिचा हक्क, कुटुंबाला चार हेक्टरांपर्यंत, द्यावा असे तो सांगतो. पण मोजणीला येणारा माणूस विचारतो, कसता ती जागा दाखवा. पेंडा करणारा यंदाचा तुकडा दाखवू शकतो. विसावा घेणारे सहा तुकडे कसे दाखवणार? तेथे तर झाडे उभी आहेत. ताबा म्हणजे नांगराची रेघ, हीच समजूत कागदात मुरलेली असल्यामुळे, विश्रांती घेणारे शेत सरकारी नजरेला रिकामे दिसते. मागे नीती आयोगाच्या एका अहवालाने २०१८ साली सुचवले, की फिरत्या शेतीच्या जमिनीला, तिच्या पडीक वर्षांसह, शेतीचाच एक स्वतंत्र वर्ग मानावा. त्याच कायद्यात अतिदुर्बळ आदिवासी गटांसाठी अधिवासाचा हक्कही आहे, म्हणजे तुकड्यातुकड्याचा नव्हे तर सबंध मुलखाचा. महाराष्ट्रात असे गट तीन : माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी. दिंडोरीत बैगा चकातल्या सात गावांना हा हक्क २०१६ च्या सुमारास मिळाला. १८९० साली जेथे कुंपण पडले, तेथेच सव्वाशे वर्षांनी हक्काचा कागद आला.

गडचिरोलीत या कायद्याचा दुसरा उपयोग झाला, आणि तो आमच्या कामाशी निगडित आहे. मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली त्या गावाने स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्याने विकला. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. १९६९ सालच्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारच्या हाती होता आणि तोडणाऱ्याला मिळे ती केवळ मजुरी. आता ग्रामसभेला मजुरीबरोबर स्वामित्वधनही मिळते. ठेकेदार पैसे थकवतात, भाव पाडतात, हे सर्व आहेच; त्यासाठी संघटना लागतेच. पण मजूर पुन्हा डोंगराचा वाटेकरी झाला, हे पाऊल लहान नाही.

आता कोणी विचारील, की तुम्हांला पुन्हा डोंगर जाळायला लावायचे आहेत काय? तसे नाही. लोकसंख्या वाढली, उतार कमी झाले, मुलांना शाळा हवी आहे. बारा वर्षांचा विसावा ज्या जागेला देता येत नाही तेथे पेंडा करू नये, हे माडिया माणूसही जाणतो. आमचे म्हणणे इतकेच, की जेथे तो अजून चालतो तेथे त्याचा निर्णय गावाने घ्यावा. जेथे तो सुटला तेथे सोडणाऱ्याला त्याच्या झाडीवरचा हक्क मिळावा. आणि त्याला चोर म्हणणे आपण बंद करावे. ज्या देशात लोहखनिजासाठी सुरजागडचा डोंगर खणायला परवानगी मिळते, त्या देशात राखेत कोसरी पेरणाऱ्याला जंगलाचा शत्रू ठरवणे शोभत नाही. खणलेला डोंगर बारा वर्षांनी परत येत नाही.

सध्या शहरात कोदो-कुटकीला मोठा मान आला आहे. २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. बैगा चकातल्या सिलपिडी गावच्या लहरीबाई यांनी जपलेल्या देशी बियाण्यांचे त्या वर्षी देशभर कौतुक झाले. ते योग्यच होते. पण ते बी ज्या शेतीत शतकानुशतके टिकले, ती शेती आपल्याच प्रांताने गुन्हा ठरवली होती, हेही त्याबरोबर लक्षात ठेवावे. सीताबर्डीच्या दुकानात कोदोची पुडी घेताना, किंवा पानठेल्यावर कोणी विडी शिलगावताना, त्या दाण्याच्या आणि पानाच्या मागे एक टेकडी उभी आहे. तिच्यावर झाडी दिसते म्हणून ती कोणाचीच नाही, असे मात्र यापुढे समजू नये.